वारा देईल तर

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी आहे. जपानमधल्या ओकिनावाच्या पूर्वेला, भर समुद्रातल्या एका इवल्याशा बेटाच्या विमानतळावर टांगलेली. साखर कारखान्याने टाकून दिलेल्या फळीतून माझा जन्म झाला. तिकिटे देणारे, सामान तोलणारे आणि झाडू मारणारेही एकटे ओकियामासान. त्यांनीच मला रंधा मारून निळ्या अक्षरांत लिहिले : 'दक्षिण बेट. अंतर तेरा किलोमीटर. सुमारे पंधरा मिनिटे.'

देवाने मला एवढेच शब्द दिले आणि मी ते नामासारखे जपले. लोक हसत, "पट्टा बांधेपर्यंत सोडायची वेळ येते की!" समोरच्या खिडकीतून ते बेट दिसेही, पाण्यावर पालथ्या घातलेल्या ताटलीसारखे. मला केवढा अभिमान वाटे! पुढे खाऱ्या वाऱ्याने माझे 'सुमारे' खाऊन टाकले. कुणाच्या लक्षातही आले नाही.

सुमिए ही इथली ऊस पिकवणारी बाई. तिची आई पलीकडच्या बेटावर, धाकट्या भावाकडे. आईला आवडते म्हणून मुरवलेल्या माशाच्या सुशीचा डबा ती विमानाने धाडायची. ओकियामासान चिडवायचे, "डबा जातो, मग लेक का जात नाही?"

ती माझ्याकडे बोट दाखवायची. "पंधरा मिनिटं तर आहेत! ऊस तुटू दे, मग जाते."

ऊस तुटला, की लागवड निघायची. लागवड झाली, की खुरपणी.

आणि एके दिवशी वादळी वारा उठला. सुमिए डबा छातीशी धरून धावत आली. भावाचा निरोप होता : आई तिचे नाव घेत अखेरच्या घटका मोजते आहे. विमान मात्र घिरट्या घालून, न उतरताच मागे फिरले.

"मग होडीनं जाते!"

"वेडी का तू?" ओकियामासान ओरडले. "आपल्या बेटाला होडी लागायला धक्का कुठाय? क्रेननं होडी कड्यावरून खाली सोडायची. या लाटांत चुरा होईल तिचा!"

तेव्हा ती माझ्याकडे वळली आणि दोन्ही मुठींनी मला बडवू लागली. "पंधरा मिनिटं म्हणतेस ना? मग ने ना मला! ने ना ग!"

मित्रांनो, त्या क्षणी मी देवाकडे पंख मागितले. फळीला कुठले पंख?

ओकियामासानांचा फोन वाजला. भाऊ म्हणाला, "ताई, आईच्या कानाशी धरतो. बोल."

"आई, निघाले ग! आलेच! पंधरा मिनिटं थांब, आई, पंधराच मिनिटं!"

 मग भाऊच हळूच म्हणाला, "ताई, राहू दे आता. आई नाही थांबली."

वारा पडल्यावर विमानाने तिला बरोबर पंधरा मिनिटांत पोहोचवले. मी खोटी नव्हते. तेच तर माझे दुःख आहे.

परत आल्यावर तिने रंग मागितला. जिथे 'सुमारे' होते, त्या रिकाम्या जागी तिने लिहिले : 'वारा देईल तर'.

"विमानतळाचे मोठे साहेब रागावतील हं," ओकियामासान म्हणाले.

"येऊ देत की रागवायला. वारा देईल तर."

तिला हसू आले नाही. त्यांनाही नाही.

मित्रांनो, मला नवा रंग दिला नाहीत तरी चालेल. वाळवी लागली, तर चुलीत घाला. पण देवाने आपली माणसे हाकेच्या अंतरावर ठेवली, ती भेटण्यासाठी. आज वारा पडला आहे. डबा धाडू नका. तुम्हीच जा.