गाडलेली नदी

ऋतुराजने अंगणातली मूठभर माती परातीत टाकली, वर तांब्याभर पाणी ओतलं आणि उकिडवं बसून परात गोल गोल हलवायला सुरुवात केली. गढूळ पाणी काठावरून सांडत गेलं. अतीकमियाँ गुडघ्यांवर हात टेकून वाकले होते. त्यांची हयात यंत्रमाग दुरुस्त करण्यात गेली होती. एखादं काम कसं चालतं ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"हलकं वाहून जातं, चाचा. जड तळाला राहतं. खाणीवर मशीन हेच करतं, फक्त डोंगराएवढ्या मातीवर."

"आन् आमचा मकदूम?"

"माती तो काढायचा. पोकलेनवर त्याच्यासारखा हात कुणाचाच नव्हता."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या शमशादने, मकदूमच्या बायकोने, ओढणीचं टोक दातांत धरलं. 'काढायचा' हा शब्द तिच्या कानांना अजून सवयीचा झाला नव्हता.

मकदूम आधी पुण्याच्या हायवेच्या कामावर पोकलेन चालवायचा. तिथूनच एका एजंटाने त्याला आफ्रिकेत, गिनी देशात, सोन्याच्या खाणीवर नेलं. आसपास सगळं रान, जवळचं शहर दिवसभराच्या वाटेवर. मोहोळचा ऋतुराज तिथे भूगर्भतज्ज्ञ होता. मुलखातले म्हणून दोघं एका ताटात जेवायचे. गेल्या वर्षी मकदूम मशीनमधून उतरून खड्ड्यात गेला असताना वरची कड ढासळली. त्याला बाहेर काढता आलं नाही.

"पर कड ढासळलीच कशी?" अतीकमियाँनी विचारलं. फोनवर त्यांनी हेच किती वेळा विचारलं असेल, याला गणती नव्हती.

ऋतुराजने परात बाजूला ठेवली आणि ओल्या जमिनीवर बोटाने एक वाकडी रेघ ओढली.

"ही जुनी नदी. लाखो वर्षांपूर्वीची. डोंगरातल्या गारगोटीत सोनं होतं. डोंगर झिजला, तसं ते कणाकणानं हिच्यात आलं आणि जिथं पाणी संथ झालं तिथं तळाला बसलं. पुढं नदीनं वाट बदलली. जुनं पात्र मातीखाली गाडलं गेलं." त्याने रेघेवर माती लोटली. "तिथल्या लोकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. माणूस उतरेल एवढ्या विहिरी खणून ते खालची वाळू काढायचे, बायका ती भोपळ्याच्या वाडग्यात धुवायच्या. सोनं संपलं की विहीर तशीच सोडायची. त्या पावसानं बुजल्या. कुठं कुठं होत्या ते कुणालाच सांगता येत नाही. आमची कड अशाच विहिरींवर होती, चाचा. आतून चाळणी झालेली."

 शेजारच्या गाळ्यातले माग खडखडत राहिले.

"आता सोनं संपत आलंय," ऋतुराज खाली बघत म्हणाला. "पावसाच्या आत, खाणीसाठी वळवलेली आजची नदी परत सोडणार. पाणी त्या खड्ड्यावरनंच जाईल. त्याआधी एकदा खणून बघायचं का, ते तुम्ही सांगायचं. फोनवर विचारवेना, म्हणून आलो."

"खणा!" अतीकमियाँ ताठ झाले. "ह्यात इचारायचं काय? बापाला पोराच्या कबरीवर मूठभर मिट्टी तरी टाकू द्या की."

ऋतुराजने शमशादकडे पाहिलं. ती दोन पावलं पुढे आली.

"मशीन जाईल तितं?"

"नाही, भाभी. कड अजून सैल आहे. हातानंच उकरावं लागेल."

"कोण उतरणार?"

"मकदूमच्या हाताखालचे दोघं तयार आहेत. मामादू आणि सेकू."

"लगीन झालंय त्यांचं?"

"सेकूचं झालंय." "गेल्या साली."

शमशादने वाकून परात उचलली, उरलेलं पाणी अंगणातल्या मोरीत ओतलं.

"नको," ती म्हणाली.

"शमशाद!" अतीकमियाँ म्हणाले.

"तुमी सांगितलं व्हतं, तितल्या गावानं खड्ड्याच्या काठावर नमाज पढली," ती ऋतुराजला म्हणाली.

"हो. अख्खं गाव आलं होतं," ऋतुराज म्हणाला. "प्रत्येकानं वरून माती टाकली. म्हातारी माणसंसुद्धा."

ती सासऱ्यांकडे वळली. "अब्बा, उनो दिये ना मिट्टी. हमारी तरफ से दिये."

अतीकमियाँ तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चपला पायांत सरकवल्या आणि ते बाहेर पडले. ऋतुराजही चहा तसाच ठेवून उठला. उंबऱ्यापाशी त्याने हात जोडले.

ऊन उतरलं तरी अतीकमियाँ परतले नाहीत. चहाच्या टपरीवर नव्हते, मशिदीत नव्हते. शेवटी शमशाद कब्रस्तानाकडे गेली. बायकांनी आत जायचा रिवाज नव्हता. ती भिंतीच्या आडोशाला थांबली. पलीकडे, सासूच्या कबरीजवळ, अतीकमियाँ कबर खोदणाऱ्याशी बोलत होते. त्या कबरीशेजारची जागा त्यांनी आफ्रिकेहून फोन आला त्याच दिवशी मकदूमसाठी धरून ठेवली होती. किती जण मागायला आले, पण त्यांनी सोडली नव्हती.

"वो जगह अब किसी को बी दे देव," ते म्हणत होते.

"तो तुम्हारे वास्ते रखूँ क्या, चाचा? चाची के बाजू में."



"नको," अतीकमियाँ म्हणाले. "बेटे को चला, मेरे को बी कहीं बी चलता."

ते फाटकाकडे वळायच्या आत शमशाद झपझप घराकडे निघाली.