ऐकायला एकटे अण्णा

बागवाल्या अण्णांना कुणाचं काही घ्यायची सवय नव्हती. शेजारून वाटीभर साखर आली, तर परत जाताना वाटीत साखर असायचीच, वर दोन संत्रीही असायची. कुणी चहा पाजला तर आठवडा उलटायच्या आत अण्णा त्याला गाठून चहा पाजत, त्याला नको असला तरी. असा माणूस ऐन संत्र्यांच्या तोडीच्या तोंडावर शिडीवरून पडला आणि पाय मोडून घेऊन बसला. पाय डॉक्टरांनी प्लॅस्टरमध्ये घातला. स्वभावाला घालायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

फळ काही कुणाचा पाय बरा व्हायची वाट बघत नाही. अण्णा खाटेवर पडून छत न्याहाळत होते, तेवढ्यात गावानं बाग आटोपली. पोस्टमन टपाल वाटून यायचा, न्हावी गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर थोपवून यायचा. संत्री तोडली, निवडली, पेट्या भरून गाडीत चढवल्या. न्हाव्यानं देठ जरा जास्तच बारीक कापले, एवढं सोडलं तर नाव ठेवायला जागा नव्हती. अण्णांनी मजुरीचा विषय काढला की लोक हवापाण्याचं बोलायला लागत.

सुगी संपली की गावात समूहगानाचा कार्यक्रम व्हायचा. मातीचे, पाण्याचे, एकमेकांच्या हातांचे आभार मानणारी गाणी. ती बसवायच्या शाळेतून निवृत्त झालेल्या गाण्याच्या बाई. अण्णा आजवर तिकडे फिरकले नव्हते. झोप घरीही लागते, असं ते म्हणत. यंदा मात्र त्यांनी मनाशी पक्कं केलं, आपणही गायचं. सगळ्यांचे आभार एका दमात मानून होतील आणि कुणाच्या तोंडाकडे बघून बोलावंही लागणार नाही.

"तुम्ही गाणार?" बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली. "तुम्ही आंघोळीला गेलात की मी रेडिओ मोठा करते."

"ते बातम्यांसाठी."

"असं वाटतं होय तुम्हाला."

बाईंनी त्यांची एक ओळ ऐकून घेतली. मग चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

"अण्णा, पाय बरा होऊ दे. तासभर उभं राहावं लागतं."

"गळ्याला कुठे प्लॅस्टर आहे?"

"नाही ना, तीच तर अडचण आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही असं करा, पुढच्या रांगेत बसा. तुमच्यासाठी हातांची खुर्ची ठेवते."

म्हणजे पुन्हा घेणंच आलं. अण्णा तोंड पाडून घरी परतले.

इकडे बाईंनी नियम केला: ज्यानं बागेत एक तरी संत्रं तोडलं असेल, त्याला यंदा गाण्यात घ्यायचं. नियमात वाईट काही नव्हतं. फक्त बागेत अख्खं गाव गेलं होतं. तालमीला रोज नवी माणसं यायची. अण्णांना नाही म्हणताना बाईंचं धैर्य जे संपलं, ते पुन्हा काही गोळा झालं नाही. ऐकायला कोण येणार, हे कुणाच्याच मनात आलं नाही. ते काम बाकीच्यांचं, असंच जो तो धरून चालला होता.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी अण्णा कुबड्या टेकत शाळेच्या हॉलमध्ये आले. खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा, माणूस एक नाही. आपण लवकर आलो असं समजून ते बसले. पडदा सरकला. स्टेजवर गाव उभं होतं. मागच्यांना बाकांवर चढवलं होतं, तान्ही पोरं आयांच्या कडेवर होती.

बाई हात जोडून पुढे आल्या. "रसिकहो," म्हणाल्या आणि थांबल्या. मग दुरुस्ती केली, "अण्णा."

त्या मागे वळल्या. "बाकीचे कुठे आहेत?"

"बाकीचे आम्हीच," न्हावी म्हणाला.

"मग निम्म्यांनी खाली जाऊन बसा."

कुणी हललं नाही. मंडपवाला तेवढा बोलला, "खुर्च्या मी मांडायच्या आणि बसायचंही मीच?"

बाईंनी सुस्कारा सोडला. "मग अण्णा, तुम्हीही वर या. आता सूर बिघडला तरी ऐकतंय कोण."

अण्णांना हवं होतं ते झालं. ते लगबगीनं उठले, पायऱ्यांपाशी पोचले. पोस्टमननं वरून हात पुढे केला. हात धरायच्या आधी अण्णांनी सहज मागे पाहिलं. खुर्च्याच खुर्च्या. एवढ्या माणसांनी कामधंदा सांभाळून घसे कोरडे केले, आणि आपण वर चढलो की ते ऐकायला हॉलमध्ये पंखे तेवढे उरणार.

ते कुबडीवर वळले आणि पुन्हा खुर्चीकडे निघाले.

"अहो, काय झालं?" वरून बायकोनं विचारलं.

"काही नाही. तुम्ही म्हणा. मी ऐकतो."

"एकटेच?"

"हो. सगळं मलाच येऊ दे."

गाव गाऊ लागलं. पोस्टमन सगळ्यांच्या आधी पुढच्या ओळीवर पोचत होता. न्हावी ओळीचा शेवट छाटत होता. एका बाळानं मधेच आपली तान घेतली. गाणं हातांवर आलं तेव्हा अण्णा एकेक हात ओळखत गेले. याची परतफेड कशी करायची, हा विचार डोक्यात आला, थोडा वेळ घुटमळला आणि कुणी विचारत नाही असं बघून निघून गेला. अण्णांनी डोळे पुसले. पाहणारं कुणी शेजारी नव्हतं, समोर मात्र सगळं गाव होतं.

शेवटचं गाणं संपलं. एका माणसाच्या टाळ्या त्या हॉलमध्ये दार ठोठावल्यासारख्या वाजल्या. स्टेजवरचे लोक उतरायला लागले.

"थांबा जरा," अण्णा म्हणाले. बोलायला त्यांना जड गेलं. "अजून एकदा म्हणाल का?"

अण्णा काहीतरी मागताहेत हे कळायला गावाला एक क्षण लागला. मग उतरलेले गुपचूप पुन्हा वर चढले.

"कुठलं म्हणू?" बाईंनी विचारलं.

"सगळी," अण्णा म्हणाले आणि खुर्चीत ऐसपैस रेलून बसले.