वलांड्यांची सावली

"मॅडम, फोटो झकास आहे. फक्त ते बांबू काढून टाका ना," निकेत सर फोनवर म्हणाले. "गेस्टला फोटोतूनसुद्धा बोंबलांचा वास येतो हो."

ते हसले म्हणून कल्पिताही हसली. मांडीवरची तान्ही लेक दिशा लॅपटॉपच्या वायरकडे झेपावत होती. तिला एका हातानं आवरत कल्पितानं लिहून घेतलं: बांबू काढणे.

काशीदच्या अलीकडच्या त्या गावात निकेत सरांची सहा कॉटेजेस होती. त्यांची वेबसाइट हे कल्पिताचं पहिलं पैशांचं काम. याआधी किहीमच्या दोघा कॉटेजवाल्यांना तिनं नमुना म्हणून पानं करून दिली होती. दोघांनीही मेसेजवर अंगठा पाठवला आणि पुढं फोन उचलला नाही. हेही गेलं तर सोमवारपासून कोळंबी सोलायच्या शेडवर जायचं, असं घरात ठरलं होतं. पहाटे पाचला गाडी. दहा महिन्यांची, सारखी कफानं छाती भरणारी दिशा घरी टाकून.

बांबू म्हणजे बोंबील वाळवायच्या वलांड्या. फोटोतल्या चारही तिच्या सासूच्या, केसरबाईंच्या. शेवटच्या वलांडीपाशी वाकलेली हिरव्या लुगड्यातली पाठही त्यांचीच. स्क्रीनवर बाजूची वाळू उचलून उचलून कल्पितानं एकेक बांबू बुजवला. मग ती पाठ. खाली ओळ लिहिली: वर्षानुवर्षं असाच मोकळा, स्वच्छ किनारा.

ओळ सरांना इतकी आवडली की त्यांनी मित्राच्या हॉटेलचंही काम तिला मिळवून दिलं. "आमची सून घरात बसून कमावते," असं केसरबाई मासळी विकताना गिऱ्हाइकांना सांगू लागल्या.

तीन आठवड्यांनी ग्रामपंचायतीत बैठक बसली. किनाऱ्यावरच्या वलांड्या हटवाव्यात, असा निकेत सरांचा अर्ज होता. तालुक्याहून साहेब आले होते.

केसरबाई उभ्या राहिल्या. "सायब, आमची सासू तितंच सुकवायची. मी पन तितंच."

"कागद आहे काही?"

"वाळूला कंचा कागद असतो, सायब?"

मागं हशा पिकला. निकेत सरांनी शांतपणे लॅपटॉप फिरवला. "हा आमच्या साइटवरचा फोटो. गेल्या वर्षीचा. यात दाखवा वलांड्या. हे सगळं आत्ता उभं केलंय."

साहेबांनी खालची ओळ मोठ्यानं वाचली.

कल्पिता दिशाला घेऊन शेवटच्या बाकावर बसली होती. मूळ फोटो तिच्या फोनमध्ये होता. तिनं तो उघडलासुद्धा. दिशा खोकली. निकेत सरांनी मागं बघून तिला ओळखीचं हसू दिलं.

केसरबाई पडद्याशी वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग वळून त्यांनी सुनेकडं पाहिलं आणि खाली बसल्या.

"केसरआत्ये, बोल ना गो!" शेजारचा सदू ओरडला.

"काय बोलू?"

कल्पितानं फोन मांडीवर उपडा ठेवला. साहेबांनी पंधरा दिवसांची मुदत दिली.

सोळाव्या दिवशी बांबू घरामागच्या भिंतीला टेकून उभे होते. कल्पिता हॉटेलचं पान जुळवत होती. केसरबाई उंबऱ्यावर रिकाम्या बसल्या होत्या. असं त्यांना बसलेलं तिनं लग्नापासून पाहिलं नव्हतं.

"तू बांबू पुसलंस," त्या बाहेर बघत म्हणाल्या. "सावली र्‍हायली."

कल्पिताचे हात थांबले.

"वाळूवर आडवी पडलेली. चारी वलांड्यांची. मी बगली."

"मग बोलला का नाहीत, आई?"

"तुजा काम ग्येला असता." त्यांनी पदरानं मान पुसली. "आन् तू शेडवर ग्येल्यावर पोरीला कोन बगनार व्हता?"

आत दिशा उठून रडायला लागली. कल्पिता उठायच्या आधीच केसरबाई उठल्या. "बस तू. हात धुते नि घेते तिला."

मोरीत जाऊन त्यांनी बोंबलांचा वास घालवायची फळीवरची लिंबाची फोड घेतली आणि रोजच्यासारखे तळवे चोळायला लागल्या. बोटांच्या बेचक्या, मग मनगटं. मध्येच थांबल्या. तळवा नाकाशी नेला.

फोड त्यांनी पुन्हा फळीवर ठेवून दिली.