हार्डनर नसलेला डबा

दादाच्या मते माझा दमा म्हणजे नाटक होतं. हे त्याने मला सांगितलं, वहिनीला सांगितलं, आणि एकदा माल उचलायला आलेल्या टेम्पोवाल्यालाही सांगितलं. "कामाचा कंटाळा आला की हिची छाती भरते," म्हणे. नाचता येईना अंगण वाकडे, ही त्याची लाडकी म्हण. माझा विषय निघाला की ती निघायचीच.

आमचा फरशीवर द्यायच्या लेपांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पुढे काचेची एक खोली आणि मागे पत्र्याची शेड. शीतगृहं, औषधांची गोदामं, दुधाच्या डेअऱ्या, जिथे जमीन रोज धुवावी लागते तिथे आमचा पॉलियुरेथेनचा लेप जातो. त्याचे दोन डबे असतात, एक रेझिनचा आणि एक हार्डनरचा. दोन्ही मिसळले की रात्रभरात दगड होतो. बाबांनी घालून दिलेली परीक्षा अशी की दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाने लेपावर अंगठ्याचं नख दाबायचं. खूण उठली की माल नापास. बाबा गेले, नख दादाकडे आलं.

हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. एकदा का त्याचं आणि एखाद्याच्या छातीचं वाकडं आलं, की मग जन्मभर पटत नाही. जराशी वाफही पुरते. सगळ्यांच्या वाट्याला हे येत नाही. मी केमिस्ट, मिसळायचं काम माझं, म्हणून माझ्या वाट्याला आलं. दादा माझ्याआधीपासून त्याच शेडमध्ये उभा होता आणि त्याला नुसता खोकला होता, तोही त्याच्या म्हणण्याप्रमाणे धुळीचा. "तुझा खोकला बरा मालकासारखा आहे, सुट्टीच्या दिवशी कामाला येत नाही," असं मी एकदा जेवताना म्हटलं. "डॉक्टरला दाखव."

तो ताट सरकवून उठला. "तुझं नाटक मला चिकटवू नकोस."

त्यानंतर माझी रवानगी पुढच्या काचेच्या खोलीत झाली, फोन उचलायला. समोरच्या टेबलावर वहिनी. वहिनी मला लग्न होऊन आल्या दिवसापासून पाण्यात पाहते, आणि मीही तिला काही फुलं वाहत नव्हते. दिवसभर आम्ही एकमेकींचे श्वास ऐकत बसायचो. माझे तिला जरा जास्तच ऐकू यायचे.

मला माझी शेड परत हवी होती. बाकी काही नको. 'हो साहेब, नाही साहेब' करायला मी केमिस्ट झाले नव्हते. आणि शेडमध्ये पाऊल टाकायचं तर तिथून हार्डनरची पिंपं जायला हवी होती.

म्हणून मी रबराच्या नादी लागले. रबराच्या झाडाचा चीक दुधासारखा पांढरा असतो आणि तो टिकावा म्हणून त्यात घातलेला अमोनिया डोळ्यांतून पाणी काढतो. रबराच्या रेणूची साखळी लांबलचक. आधी ती तोडून आखूड करायची, मग तिच्यावर ऑक्सिजन चढवायचा, मग त्याच जागी दाबाखाली कार्बन डायऑक्साइड बसवायचा. एवढं झालं की त्यात अमाइन नावाचं रसायन मिसळून पॉलियुरेथेन बनतं, आणि आयसोसायनेटचा थेंबही लागत नाही. सांगायला सोपं आहे. पहिल्याच दिवशी, काचेच्या खोलीच्या पायरीवर, मी साबण घालायच्या आधी आम्ल ओतलं आणि बादलीभर चिकाचा एकच गोळा झाला. "दूध नासलं वाटतं," वहिनी दारातून म्हणाली. दादाने तो गोळा उचलून पुढच्या टेबलावर मांडला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत बसला. "आमच्या शास्त्रीणबाईंचं संशोधन."

मी दात खाल्ले आणि दुसरी बादली आणली. दाबाचं भांडं माझ्या कॉलेजातल्या जुन्या बाईंकडे होतं. सुट्ट्यांच्या दिवशी त्यांच्या प्रयोगशाळेत जाऊन बसायचे. चुकत, भांडत, बाईंची बोलणी खात शेवटी लेप जमला. त्याची खोड एकच, तो रात्रभरात कडक होत नाही. आठवडा घेतो. आणि दादा प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन नख दाबायचा.

"अरे, थांब की जरा! अजून ओला आहे तो."

"बाबांची परीक्षा दुसऱ्या दिवशीची आहे," म्हणायचा, आणि नखाला लागलेलं माझं रबर माझ्याच टेबलाच्या कडेला पुसायचा. अंगाचा तिळपापड व्हायचा माझ्या.

मग एका शीतगृहाचा मॅनेजर आला. त्याच्या एका कामगाराची लेप देताना माझ्यासारखीच छाती धरली होती, त्यामुळे त्याला हार्डनरच नको होता. "तुमचा रबराचा लेप माझ्या डोळ्यांसमोर मिसळून पत्र्यावर लावून दाखवा," तो मला म्हणाला, "आठवड्याने मी येऊन बघतो." एवढं मोठं गिऱ्हाईक, दादाला नाही म्हणता येईना. त्याने सगळ्यांसमोर पैज लावली. आठवड्याने त्याच्या नखाची खूण उठली नाही तर पिंपं बाहेर आणि शेड माझी. उठली तर रबर बंद आणि मी कायमची फोनवर.

"कबूल," मी म्हणाले. मला झोप आली नाही, पण भीतीने नाही. लेप कसा होतो ते मला ठाऊक होतं.

आदल्या संध्याकाळी रबराच्या रेझिनचा डबा मी स्वतः भरला, झाकण ठोकलं आणि पुढच्या खोलीतल्या फळीवर ठेवला. सकाळी खिडक्या उघडल्या, टेबलावर पत्रा मांडला. मॅनेजर खुर्ची पुढे ओढून बसला. वहिनी तिच्या जागेवर, दादा दाराला टेकून. मी झाकण उघडलं आणि लाकडी पट्टीने ढवळायला लागले. मधासारखं ओघळायला हवं होतं. जरा जड लागलं.

मग हनुवटीखाली खाज उठली.

ही खाज मी ओळखते. तिच्यामागून खोकला येतो आणि खोकल्यामागून श्वासाचं दार बंद होतं. आमच्या हार्डनरला वास जवळजवळ नाहीच, तो मला नाकाने नाही, छातीने कळतो. पण या डब्यात तो असणं शक्यच नव्हतं. मी मान वर केली. मॅनेजर डब्याकडे बघत होता. दादा माझ्याकडे बघत होता, अगदी टक लावून, आणि वहिनी दादाकडे.

पुढचं तुटक आठवतं. पर्समधला दम्याचा पंप काढला, दोनदा दाबला, हवा आत गेलीच नाही. खुर्ची पडली. मॅनेजर "पाणी, पाणी" ओरडत होता, जणू मला ठसका लागला होता. आणि वहिनी किंचाळली, "अहो, हे खरं आहे!"

काय झालं, असं ती म्हणाली नाही. हे खरं आहे, म्हणाली. तेवढ्यावरून मला सगळं कळलं.

दवाखान्यात तोंडावर मास्क चढवून डॉक्टरीणबाईंनी मला उताणी पडू दिलं नाही, उशांना टेकवून बसवलं. दादा भिंतीकडच्या बाकावर, वहिनी त्याच्या शेजारी. शब्द फुटायला लागल्यावर मी मास्क बाजूला केला.

"किती घातलंस?"

"चमचाभर." तो जमिनीकडे बघत होता.

"कशाला?"

"तुला माहीत नसताना काही झालं, तर खरं. नाही झालं, तर…"

"तर काय?"

"तर नाटक."

विषाची परीक्षा घेऊ नये म्हणतात. याने घेतली, आणि तीही माझ्या छातीवर. हातात आलं असतं तर ते मास्कचं यंत्र मी त्याच्या डोक्यात घातलं असतं. नळी आखूड होती म्हणून वाचला.

"मेले असते मी."

"चमचाभरच होतं गं."

"चमचाभरच!" मी ओरडले आणि खोकल्याने दुमडले. "आणि वहिनी, तुम्हालाही माहीत होतं!"

वहिनीने कानावर हात ठेवले नाहीत, हे कबूल करते. तिने मान खाली घातली. "मी नको म्हणाले होते," एवढंच पुटपुटली.

"पुरे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मास्क परत माझ्या तोंडावर बसवला. तेव्हा दादा खोकायला लागला. नेहमीचाच खोकला, कोरडा, न संपणारा. बाई वळल्या. मला तपासताना होती तशीच त्यांची नजर त्याच्यावर थांबली.

"तुम्हाला हे कधीपासून?"

"धुळीचं आहे," दादा म्हणाला.

"सुट्टीच्या दिवशी असतो का?"

दादा आपल्या अंगठ्याच्या नखाकडे बघत राहिला.

"नसतो," वहिनी म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "सुट्टी असली की नसतो. कामावर गेले की संध्याकाळी सुरू. हल्ली रात्री उठून बसतात. कुणाला सांगायचं नाही म्हणतात."

तेव्हा मला तो चमचा कशासाठी होता ते कळलं. मी खोटी ठरले असते, तर त्याचा खोकला धुळीचा राहिला असता. ते नाटक माझं असावं, एवढीच त्याची धडपड होती.

बाईंनी त्याला माझ्या पलंगावर, पायथ्याशी बसवलं आणि त्याच्या पाठीला तपासायची नळी लावली. "श्वास घ्या. सोडा. पुन्हा." त्याच्या पाठीतून माझ्यासारखीच शिट्टी येत होती. ती मला नळीशिवाय ऐकू आली. माझा राग तसूभरही कमी झाला नव्हता, पण त्याला शिव्या द्यायला तोंड उघडलं तर रडूच आलं, आणि मास्कच्या आत रडणं फार गैरसोयीचं असतं.

बाई औषधं आणायला गेल्या. मग दादाने वहिनीला सांगितलं, "टेम्पोवाल्याला फोन कर. पिंपं उचलायची आहेत म्हणावं. सगळी."

वहिनी फोन घेऊन बाहेर गेली. तो तसाच बसून राहिला, पाठ माझ्याकडे.

"नवा डबा केलास," तो म्हणाला, "तर नख कधी दाबायचं?"

मी मास्क काढला.

"आठवड्याने. त्याआधी हात लावलास तर अंगठा मोडून ठेवीन."

"बरं," दादा म्हणाला, आणि परत खोकायला लागला.