झाडूवाली डायरेक्टर

मी तीन मजल्यांची झाडलोट करते आणि बावीस कंपन्यांची डायरेक्टर आहे. हसू नका. पूर्वी मलाही हसू यायचं.

आमच्या वकीलसाहेबांच्या ऑफिसात एक भिंत आहे, तिच्यावर नुसत्या पाट्या. एका पाटीची एक कंपनी, आणि कंपनीत माणूस म्हणाल तर औषधाला नाही. ऑनलाइन सट्टा चालवतात म्हणे. खेळणारे परदेशात, मालक तिसरीकडे, कॉम्प्युटर आणखी कुठेतरी. आमच्या देशात फक्त पाटी आणि परवाना. कायद्याने डायरेक्टर मात्र इथलाच राहणारा लागतो. म्हणून दर सोमवारी पाट्या पुसून झाल्या की साहेब म्हणायचे, मावशी, इथे सही करा. ड्रायव्हर करायचा, वॉचमनही करायचा. आमच्याकडची रीतच होती ती.

माझी मुलगी त्या मोठ्या देशात असते, जिथले लोक हा सट्टा खेळतात. तिला आठवा लागलाय. पहिलटकरीण, जवळ बाईमाणूस कुणी नाही. मी व्हिसाचा अर्ज भरला. त्यात कामधंदा विचारला होता. जावयाच्या घरी जायचं, झाडूवाली कशाला लिहू? मी आपलं ऐटीत लिहिलं, डायरेक्टर. खाली बावीस नावंही लिहिली, बावळटासारखी.

आठ दिवसांनी दूतावासातून बोलावणं आलं. खिडकीमागचा अधिकारी म्हणाला, तुमच्या कंपन्यांवर आमच्याकडे खटले आहेत, डायरेक्टर म्हणून उतरलात तर विमानतळावरच अटक. मी म्हटलं, अहो, आमच्या मंत्र्यांनी परवाना दिलाय. तो म्हणाला, तुमच्याकडे परवाना, आमच्याकडे गुन्हा. मग मी खरं काय ते सांगून टाकलं. तर म्हणे, तसं लिहून द्या, व्हिसा देतो.

तशीच साहेबांकडे गेले. त्यांचं तोंड उतरलं. खोटा डायरेक्टर दाखवणं हा आमच्या देशात गुन्हा, आणि सही माझी. लिहून दिलं तर मी इथे तुरुंगात. शिवाय दोन्ही देशांची बोलणी चाललेली: त्यांनी आमची मासळी विकत घ्यायची, आणि कंपन्यांची माहिती दोघांनी एकमेकांना द्यायची. मासळीचा आणि माझ्या लेकीच्या बाळंतपणाचा काय संबंध, ते मला अजूनही कळलेलं नाही. करारात या खटल्यांचंही काहीतरी मिटेल, तोवर थांबा, साहेब म्हणाले. करार थांबेल हो, पोटातलं बाळ थांबतं का?

त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला. रक्तदाब वाढलाय, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय.

"आई, मला भीती वाटतेय," ती म्हणाली. "तू ये."

सकाळी जाऊन लिहून दिलं: मी झाडू मारते, कंपन्यांमधलं मला ओ की ठो कळत नाही. अधिकाऱ्याने शिक्का मारला, पासपोर्ट माझ्या हातात दिला आणि माझ्या कागदाची एक प्रत शेजारच्या ट्रेमध्ये टाकली. ही कुणासाठी, मी विचारलं.

"तुमच्या सरकारला," तो म्हणाला. "कालच करार झाला ना."

मुलीला लगेच कळवलं. किती दिवस राहशील, एवढंच विचारत होती. तू म्हणशील तितके, मी म्हटलं. व्हिसा तीस दिवसांचा आहे, ते तिला सांगितलं नाही. एकतिसाव्या दिवशी तिथे राहिले तर तिथली गुन्हेगार, परत आले तर इथली. आणि आयुष्यात मी एक डावसुद्धा खेळलेला नाही हो.