सात नंबर

तिने मशीनची केबल काढली, टोकावर फुंकर मारली आणि परत लावली. फुंकरीने काही होत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. याच कामावर ती पोट भरत होती. पण बाबा फुंकर मारायचे.

"लागलं का गं?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"बघतेय."

टेबलाखालच्या या जुन्या लिनक्स कॉम्प्युटरवर बाबांनी घरातले सगळे फोटो ठेवले होते, स्वतः गायलेली चार बेसूर गाणीही. महिन्यापूर्वी ते गेले. मागच्या आठवड्यात नेटवाल्याने नवा राउटर बसवला आणि आईच्या टॅबवर यातलं काहीच उघडेना. "त्यांचा आवाज गेला गं," आई फोनवर एवढंच म्हणाली होती.

दुखणं तिला लवकर सापडलं. घरातल्या उपकरणांना नेटवर्कचा पत्ता आजवर बाबांचं मशीन देत असे. आता नवा राउटरही देऊ लागला होता, तोही भलताच. टॅब एका गल्लीत, मशीन दुसऱ्या गल्लीत. भेट व्हायची कशी? तिने राउटरचं पत्ते वाटणं बंद केलं आणि मशीनवरची पत्त्यांची फाईल, कुठल्या उपकरणाला कितवा नंबर ती यादी, तपासायला उघडली.

बाबा प्रत्येक ओळीवर टीप लिहीत. "फाईल आहे की पत्र?" असं ती पूर्वी चिडवायची. पूर्वी म्हणजे सात वर्षांपूर्वी, त्यांच्या ऑफिसात चार माणसांसमोर त्यांची चूक दाखवण्याआधी. चूक खरी होती. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "एवढी शहाणी आहेस तर तुझं तू बघ." तिने बघितलं. त्यानंतर ती या घरात आली ती थेट त्यांना पोचवायला, दोन तासांसाठी, पाहुण्यासारखी.

फाईलमध्ये लिहिलं होतं: हिचा टॅब, हात लावू नये. त्याखाली: प्रिंटर, रुसतो. आणि शेवटी:

लेकीचा लॅपटॉप. सात नंबर तिचाच, दुसऱ्या कुणाला देऊ नये. आली की घंटा वाजेल. हिला सांगून ठेवलंय.

तिचा लॅपटॉप शेजारीच उघडा होता. बाबांनीच घेऊन दिलेला, एका कोपऱ्यात चिरलेला. तो बदलायचं तिने दर वर्षी ठरवलं होतं. ती ओळ पुसून टाकायला बोट कीवर गेलं आणि तिथेच थांबलं. मग तिने फाईल होती तशी बंद केली आणि पत्ते वाटणारी सेवा पुन्हा सुरू केली.

टॅब जोडला गेला. प्रिंटर जोडला गेला. लॅपटॉपने क्षणभर शोधलं आणि सात नंबर घेतला.

कपाटावरच्या धूळ बसलेल्या स्पीकरमधून घंटा वाजली.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

"अहो," आई नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आली बघा ती."

मग बराच वेळ नळ तसाच वाहत राहिला.