खिडकीचं माप

"शहात्तर इंच रुंद आणि चौतीस उंच? अगं, ऐकण्यात उलटसुलट झालं असेल तुझ्या," नव्या बॅगेची चाकं फरशीवर फिरवून बघत नवरा म्हणाला.

"माझ्या मापात उलटसुलट होत नसतं," ती म्हणाली. ती कापड अंथरून गुडघ्यांवर बसली होती आणि ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे भांडायला फारसा वाव नव्हता.

अर्धं आयुष्य तिने लोकांच्या खिडक्यांना पडदे शिवण्यात घालवलं होतं. थोरला तर पडद्यांच्या ढिगातच रांगला. धड चालता येत नव्हतं तेव्हापासून तो टेपचं दुसरं टोक धरून बसायचा. पुढे बापाला बिनदिक्कत थापा मारायचा, परीक्षेचे मार्क फुगवून सांगायचा, पण माप त्याने कधी खोटं सांगितलं नाही. ते त्याला जमायचंच नाही.

आता तो वाळवंटातल्या त्या मोठ्या शहरात सुपरवायझर होता. दोन खोल्यांचं घर, सातवा मजला, खिडकी उघडली की नजर पोचेल तिथवर वाळू. फोनवर तरी असंच होतं. सहलीचा बेत नवऱ्याचा. उभ्या जन्मात बायकोला शहराबाहेर न नेलेल्या माणसाला निवृत्त झाल्यावर एकदम विमानच सुचलं. त्याने टोपी आणली, गॉगल आणला, घरातल्या घरात गॉगल लावून फिरताना टेबलाला धडकूनही झालं. गल्लीत एक माणूस असा उरला नव्हता, ज्याला हा बेत माहीत नाही. धाकटीला उंटावर बसायचं होतं. उद्या सकाळी तिकिटं काढायची होती.

थोरला मात्र बेताचं नाव काढलं की विषय बदलायचा. आधी म्हणाला थंडीत या, थंडी आली तेव्हा म्हणाला जरा उन्हं चढू देत. "कामाचा माणूस आहे, गोंधळतो," असं नवरा म्हणे. तिच्या मनात मात्र काहीतरी टोचत होतं. रिकाम्या हाताने कशी येऊ, तुझ्या खिडक्यांची मापं तरी दे, म्हणून ती मागे लागली. कितीतरी दिवस टाळून परवा त्याने माप दिलं, आणि तेही एकाच खिडकीचं.

"कापड जाड घे, आई. उजेड जराही आत यायला नको. दांडी नाहीये, दोरी ओवीन मी, तेवढा नेफा ठेव. आणि आतल्या बाजूने एक खिसा लाव."

"पडद्याला खिसा!" धाकटी हसून लोटपोट झाली होती. "दादाचं डोकं तापलंय उन्हानं."

तीच धाकटी आत्ता खोलीत आली, कापलेलं कापड बघितलं आणि त्यावर सरळ आडवी झाली. पाय जुळवले, हात छातीवर ठेवले, डोळे मिटले.

"आई, बघ! माझ्याच मापाचा आहे!"

खरंच होता. डोक्याशी आणि पायांशी थोडं थोडं कापड उरलं होतं, बस.

"ऊठ तिथून!" ती एवढ्या जोरात ओरडली की टाचण्या फरशीवर सांडल्या.

"अगं, गंमत केली पोरीने," नवरा म्हणाला.

माणूस आडवा झाला की जेवढा होतो तेवढी ही खिडकी होती. आणि मग तिला आठवलं. हे माप तिने आधी कापलेलं होतं. नर्सच्या वसतिगृहाचं काम होतं ते. एकावर एक पलंग, खोलीत आठ-आठ मुली. रात्रपाळी करून आलेल्या मुलींना दिवसा झोपता यावं म्हणून प्रत्येक पलंगाला पडदा. दोरीला नेफा. आतून खिसा, चष्मा आणि मोबाइल ठेवायला.

नवरा बॅग शेजाऱ्यांना दाखवायला घेऊन गेला, धाकटीही मागोमाग गेली. तिने दाराला कडी लावली आणि फोन केला.

"काय गं आई? माप कळलं ना?"

मागे पंखा घरघरत होता, कुणीतरी खोकत होतं. हा खोकला ती वर्षभर ऐकत आली होती. टीव्ही चालू आहे, असं थोरला म्हणायचा.

"कळलं. एकच विचारायचं राहिलं. वरचा की खालचा?"

त्याने फोन तोंडाजवळ घेतला, तसा पंखा दूर गेला.

"खालचा," तो म्हणाला. "वर एक काका आहेत. तेच खोकतात."

तिने तोंडावर पदर दाबला. मग शक्य तेवढ्या साध्या आवाजात म्हणाली, "बरं. हे उद्या तिकिटं काढतायत."

"नको! आई, नको. आलात तरी मला कॅम्पच्या गेटपर्यंत यायला मिळायचं नाही. बाबांना कळू देऊ नकोस. बाकी काहीही सांग त्यांना."

"मग तू ये. आहे तसा निघून ये."

"सोडत नाहीत, आई."

"सोडत नाहीत म्हणजे? कोण सोडत नाही?"

मागून कुणीतरी दरडावलं, तिला न कळणाऱ्या भाषेत. "पडदा लवकर पाठव," तो घाईघाईने म्हणाला आणि फोन बंद झाला. तिने पुन्हा लावला. पुन्हा लावला. मग तो वाजेनासाच झाला.

नवऱ्याला सांगावं, असं तिला शंभरदा वाटलं. पण तो एक तर गेटवर जाऊन आरडाओरडा करील, नाही तर गल्लीत मान वर करायचा नाही, आणि पोरगा तिथेच राहील. कोर्टाजवळच्या वकीलबाईंचे पडदे तिने शिवले होते. त्यांना गुपचूप विचारायचं, असं तिने ठरवलं. पण त्याआधी तिकिटं थांबवायची होती.

"मी नाही येत," नवरा परतल्यावर ती म्हणाली. "मला विमानाची भीती वाटते."

"भीती? तुला? शिडीच्या टोकावर उभी राहून दांड्या ठोकतेस तू!"

"ते वेगळं."

"मग मी आणि बाबा जातो," धाकटी म्हणाली.

"मला एकटीला घरात राहायचीही भीती वाटते."

कुणाला पटेल असं ते बोलणं नव्हतंच. नवरा भडकला, आयुष्यभराचं उकरून काढलं, बॅग लाथेने कोपऱ्यात ढकलली. धाकटी रडून रडून झोपली. शेवटी त्याने विचारलं, "गल्लीत काय तोंड दाखवू?"

"सांगा, बायको भित्री निघाली."

दुसऱ्या दिवशी त्याने तेच सांगितलं. खिडकीखाली उभा राहून तो शेजाऱ्याला म्हणत होता, "हिच्यापायी राहिलं सगळं. पोरगा तिकडे वाटेला डोळे लावून बसलाय." आत ती मशीनवर खिसा लावत होती. लावून झाल्यावर तिने त्यात हात घालून बघितला आणि काही वेळ तो तिथेच ठेवला.

मग उजेड आरपार येतो का हे बघायला ती पडदा घेऊन खिडकीशी गेली. जाड कापड होतं, कणभर उजेड येत नव्हता. पण पडदा लांब होता आणि तिचे हात तोकडे. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, त्यामुळे ते सारखं खाली घसरत राहिलं आणि त्या बाजूने ऊन आत येत राहिलं.